काळ्या दगडावरची रेघ, दर अक्षरी

काळ्या दगडावर रेघ मारायची तर पूर्वी माणसाकडे काहीतरी भांडवल लागायचं. भीष्माचा निश्चय, नाहीतर पाथरवटाचं मनगट. आता दोन्हींवाचून अडत नाही. तळवलीत, आमच्या घरापासून शेअर रिक्षाच्या अंतरावर, एका गाळ्यात ती रेघ दर अक्षरी भावाने मिळते. सकाळी दगड टाका, संध्याकाळी घेऊन जा. सोनेरी रंग भरून हवा असेल तर त्याचे वेगळे.

जागा मात्र या धंद्याला शोभणारी आहे. तळवलीच्या एका अंगाला ठाण्याची खाडी, तिवरं आणि चिखल. दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता, त्यापलीकडे एमआयडीसी आणि तिच्या पाठीशी पारसिकचा डोंगर. खाडीत पाय घातला तर गुडघ्यापर्यंत जातो, डोंगरावर कुदळ मारली तर ठिणगी उडते. मधल्या पट्ट्यात आपण राहतो. गावठाणातली आगरी घरं, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटांवर उभ्या राहिलेल्या इमारती, आणि त्या इमारतींमध्ये आमच्यासारखे बाहेरून आलेले. या सगळ्यांच्या भिंतींत गेलेली खडी बरीचशी पारसिकच्याच कुशीतली. हा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत आला. त्याच्यापुढे नवी मुंबई वसवणारी सिडको अगदीच कालची, १९७० सालची. तरी कागदपत्रं दगडाकडे नाहीत, सिडकोकडे आहेत.

गाळ्याचे मालक इथलेच, गावठाणातले. सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मुख्य कमाई नामफलकांची आणि कोनशिलांची. 'मातृछाया', 'आई एकवीरा प्रसन्न', अमुकतमुक यांच्या शुभहस्ते. नव्या मुंबईत उद्घाटनांना तोटा नाही, त्यामुळे शुभहस्तांनाही नाही. छोट्या दगडांचं काम हा जोडधंदा. बागेच्या सजावटीसाठी पोत्यांतून येणारे गुळगुळीत गोटे ते घेऊन ठेवतात आणि त्यांवर फुलं, मोर, गणपती, नाहीतर गिऱ्हाईक सांगेल तो मजकूर कोरून देतात. कुणी स्वतःचा दगड आणला तरी चालतो, पण तो आधी पारखून घेतात. जांभा आणला तर हात जोडतात, कारण त्याला इतकी भोकं की वर काही चिकटतच नाही. फार मऊ वालुकाश्म आणला तर अक्षरांच्या कडा ढासळतात. त्यांना आवडतो तो घट्ट, गुळगुळीत, निर्विकार दगड. थोडक्यात, नर्मदेतला गोटा.

यंत्र दिसायला अगदी साधं आहे. कमरेच्या उंचीवर पत्र्याची पेटी, तिला काचेची खिडकी आणि खिडकीखाली दोन भोकं. त्या भोकांना आतून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे जोडलेले. शेजारी कॉम्प्रेसर, पायाशी पेडल. दगड पेटीत ठेवायचा, दार लावायचं, हात मोज्यांत घालायचे आणि पेडल दाबायचं. दाबाखालची हवा बारीक टणक भुकटी ओढून घेते आणि नोझलमधून दगडावर फेकते. दगडावर आधीच रबराची किंवा जाड विनाइलची शीट चिकटवलेली असते आणि तिच्यातून नक्षी कापून काढलेली असते. जिथे शीट नाही तिथे भुकटी दगड खाते, जिथे आहे तिथे काही करत नाही. पाहणाऱ्याला यातलं फारसं दिसत नाही. काचेआड पिवळट धुकं, त्यात दोन मोजे काहीतरी चाचपडताहेत, आणि कॉम्प्रेसरचा आवाज. मिनिटा-दोन मिनिटांत काम होतं.

मग दादा दगड बाहेर काढून शीट सोलतात आणि नळाखाली धरतात. इथे पहिल्यांदा आलेल्या माणसाचा चेहरा पडतो, कारण ओल्या दगडावर अक्षरं जवळजवळ दिसेनाशी होतात. सगळा दगड सारखाच काळा. दादा काही बोलत नाहीत, फडक्याने पुसून दगड पंख्याखाली ठेवतात. कडेकडेने वाळायला लागला की राखाडी अक्षरं एकेक करून वर येतात, आधी काना, मग वेलांटी. कितीही वेळा पाहिलं तरी मी तेवढ्यासाठी थांबते.

पण या सगळ्यात मला खरं नवल वाटतं ते त्या रबराचं. दगडावर कण आपटतो तेव्हा त्याचा सगळा जोर एका टिंबावर येतो, दगड हटत नाही आणि म्हणूनच त्याचा टवका उडतो. रबर हटतं. जरासं दबतं, कणाचा जोर अंगात जिरवतं आणि त्याला आल्या वाटेने परत पाठवतं. साडेसहा कोटी वर्षं ताठ उभा असलेला बसाल्ट झिजतो आणि वितीएवढा रबराचा तुकडा शाबूत राहतो. हे समजलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घराण्यातल्या दोन-तीन आत्या उभ्या राहिल्या. कुणाच्याही बोलण्याचा ओरखडा म्हणून उठत नसे. नावं घेत नाही, त्या हा अंक वाचतात.

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो. माझ्या लहानपणी टाकी ही ऐकू येणारी गोष्ट होती. 'पाट्याला टाकी लावायचीय का' अशी आरोळी गल्लीत यायची, आणि मग कुणाच्यातरी ओट्यावर दुपारभर टकटक. पाटा पुन्हा खरखरीत झाला की वाटणाला चव येते, असं आजी म्हणायची. मिक्सर आले, ती आरोळी गेली. आता घाव कुठला आणि टाकी कुठली. हवेच्या झोतातले हजारो कण, एकेकाचा मार मुंगी चावल्याएवढा, आणि मिनिटात गणपती तयार. देवपण स्वस्त झालं असं म्हणायला मी धजणार नाही, पण घाऊक झालंय खरं.

ही युक्ती काढली बेंजामिन च्यू टिल्घमन या फिलाडेल्फियाच्या गृहस्थाने. १८७० मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. वाळवंटातल्या वाऱ्याने खिडक्यांच्या काचा धुरकट झालेल्या पाहून त्याला हे सुचलं, अशी आख्यायिका आहे. शोधांच्या आख्यायिकांत एखादं सफरचंद किंवा खिडकी लागतेच. त्याआधी तो अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढला होता आणि ब्रिगेडियर जनरलचा मानाचा हुद्दा मिळवून परतला होता. पुढे त्याच युद्धात पडलेल्या सैनिकांच्या संगमरवरी स्मृतिशिलांवर नावं उमटवायला हीच पद्धत कामी आली. एवढी नावं टाकीने कोरायला पाथरवट कुठून आणणार होते?

वाऱ्याने आणि पाण्याने दगड कोरायचं पेटंट अर्थात निसर्गाकडे आधीपासून आहे. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकाला पडलेली जाळी पाहावी. खारं पाणी, लाटा आणि भरपूर सवड, एवढ्यावर ते काम झालेलं आहे. तिथे फक्त मजकूर नाही.

या पद्धतीचं नाव सँडब्लास्टिंग असलं तरी दादांच्या पेटीत वाळूचा कण नाही. पेटीतली भुकटी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १०, ही ९, वाळूतला क्वार्ट्‌झ ७. पण वाळू गेली ती कठीणपणात कमी पडली म्हणून नव्हे. वाळू फुटली की तिची अदृश्य धूळ होते, श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि तिथेच बसते. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. ब्रिटनने ओतीव लोखंड साफ करायला वाळूचा फवारा वापरण्यावर १९४९ च्या नियमांनी बंदी घातली. तुर्कस्तानात जीन्सच्या विजारी जुनाट दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर वाळू मारणारी तरुण मुलं दगावायला लागली, तेव्हा २००९ मध्ये तिथे त्या कामावर बंदी आली. नवी वस्तू जुनी दिसावी एवढ्यासाठी हे मरण. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने सिलिकोसिस हा कळवलाच पाहिजे असा रोग ठरवला होता. खाणीत आणि क्रशरवर काम केलेल्या माणसांना तो कायद्याच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही. दादा धूळ ओढणारा पंखा चालू असल्याशिवाय पेडलवर पाय ठेवत नाहीत आणि मास्क न लावता पेटीचं दार उघडत नाहीत. गिऱ्हाईक घाईत असलं तरी नाही.

आता मुख्य अडचण. दगड कोरायला दोन मिनिटं लागतात, पण काय कोरायचं हे ठरायला महिना पुरत नाही. गाळ्यात एक बाक आहे, त्यावर मी चांगली शिकली-सवरलेली माणसं हातात गोटा धरून शून्यात बघत बसलेली पाहिली आहेत. मोबाइलवर दिवसभर न थांबता लिहिणारा माणूस दगड म्हटला की गप्प होतो. पुसता येणार नाही, हे कळल्याबरोबर लिहिण्यासारखं काही उरतच नाही. कुणी मुलाचं नाव सांगतं, मग म्हणतं, टोपणनाव टाका, नको, खरंच टाका. एक लग्नाळू मुलगा दोघांची नावं द्यायला आला होता. दादांनी जास्त काही न बोलता साखरपुडा झाला का तेवढं विचारलं. तो परत गेला.

शिलाहारांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. कोकणात जागोजाग गधेगळ सापडतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा मजकूर, आणि जो हे दान मोडील त्याला गाढवासकट सचित्र शिवी. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख याच जातीचा. त्याचं साल १०१२ की त्यानंतरचं यावर अभ्यासक भांडतात, शिवीबद्दल मात्र एकमत आहे. त्या लोकांना दगडावर काय लिहावं हे नेमकं कळत होतं. काय दिलं ते, आणि कुणी हात लावला तर त्याचं काय होईल ते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असा एक उभारावा, असं मी सभेत सुचवणार होते. चित्राचं काय करायचं, एवढ्यासाठी राहिलं.

एमआयडीसीच्या पट्ट्यात आता काचेच्या कंपन्याही झाल्या आहेत. म्हणजे काच बनवणाऱ्या नव्हेत, काचेत बसणाऱ्या. त्यांतल्या एकीने कर्मचाऱ्यांना वाटायला गोट्यांची मोठी ऑर्डर दिली. प्रत्येक गोट्यावर कंपनीचं एकेक मूल्य: सचोटी, चपळाई, सहकार्य, वगैरे. टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवायचे. त्या टेबलांवर कागद नसतो, हा भाग वेगळा. पुढच्या वर्षी तीच ऑर्डर पुन्हा आली आणि यादीत वेगळी मूल्यं होती. जुन्या गोट्यांचं काय केलं, ते दादांनी विचारलं नाही. त्यांच्या मते गिऱ्हाईक चांगलं आहे, दरवर्षी येतं.

त्या मानाने जे दगड आपण खरोखर पूजतो त्यांवर एक अक्षर नसतं. पंचायतनातलेच पाहा. शंकराचा बाण नर्मदेतला, विष्णूचा शाळीग्राम गंडकीतला, गणपतीचा शोणभद्र शोण नदीतला. कशालाही टाकी नाही, नाव नाही. एक गृहस्थ घरच्या बाणावर ॐ कोरून घ्यायला आले होते. दादांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि तसाच परत दिला. "याव काय लिवाचा? तो देवच हाय," म्हणाले. एका ॐचं गिऱ्हाईक गेलं.

माझ्या माहेरी भाद्रपदात खड्यांच्या गौरी असतात. पाणवठ्यावर जायचं, पाच किंवा सात खडे घ्यायचे आणि तोंडातून चकार शब्द न काढता घरी आणायचे. माहेरी नदी होती. इथे एका वर्षी मला ती हौस आली. पाणवठा शोधता शोधता मी जवळच्या बांधकामावरच्या खडीच्या ढिगाशी पोहोचले. वॉचमन धावत आला. "क्या चाहिए मॅडम?" मुक्याने आणायचे असल्यामुळे मला उत्तर देता येईना. मी खुणा केल्या. त्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं, स्वतःच दोन मुठी खडी पिशवीत घातली आणि वर पाणी हवं का ते खुणेने विचारलं. घरी आल्यावर आम्ही त्यांतले सात निवडले. कोपरे जरा टोचरे होते, पण पूजा छान झाली. पारसिकच्याच लेकी त्या, माहेर जवळ.

आमच्याही घरात एक गोटा बरेच दिवस मजकुराची वाट पाहत पडला होता. फॅमिली ग्रुपवर सूचना मागवल्या तेव्हा सुविचारांचा पूर आला. न्यू जर्सीच्या भाच्याने काहीतरी इंग्रजीत धाडलं, दिरांनी संस्कृतात, आणि नणंदेने दोन्हींना अंगठा दाखवला. शेवटी सासूबाईंनी विषय संपवला. आमच्याकडे आमटी दोघी करतो, पण मीठ घातलं की नाही हे तिसरंच कुणीतरी ठरवतं. त्यांनी गोट्याच्या एका अंगाला 'मीठ घातलंय' आणि दुसऱ्या अंगाला 'नाही' असं कोरून आणायला सांगितलं. तो आता गॅसच्या ओट्यावर असतो. घराण्यातला पहिला शिलालेख. एवढं असून परवा आमटी खारट झाली, कारण गोटा उलटायचा कुणी, हे त्यावर लिहिलेलं नाही.

मराठी कोरण्यात काही खाचाखोचा आहेत, त्या दादांकडूनच कळल्या. प्लॉटरने शीट कापली की अक्षरांचा भाग सुरीच्या टोकाने उचलून काढायचा असतो. इंग्रजीत एकेक अक्षर सुटं उचलावं लागतं. मराठीत शिरोरेघेला धरून ओढलं की अख्खा शब्द एका दमात निघून येतो. हे काम करताना दादांना मराठीचा अभिमान वाटतो. पण 'व'च्या पोटातला तुकडा मात्र आत तसाच राहायला हवा. तो शेंगदाण्याच्या फोलाएवढा, चिकटायला जागा कमी. झोत जरा वाकडा लागला की तो उडतो आणि 'व'चं पोट भरून जातं. अनुस्वाराचं उलट. तो टिंबाएवढा, काढायचा राहून गेला तर दगडावर उमटतच नाही, आणि 'संत' सत होऊन बसतात. म्हणून दादा पेडल दाबण्याआधी बोट ठेवून टिंबं मोजतात.

शुद्धलेखनात मात्र ते पडत नाहीत. 'आशीर्वाद'मधला 'शी' दीर्घ, हे त्यांना ठाऊक आहे. निम्मे लोक ऱ्हस्व लिहून आणतात, आणि ते एकदा सांगून पाहतात. एक जण म्हणाले, "वडिलांच्या घरावर ऱ्हस्वच होता." यापुढे कुठलं व्याकरण टिकणार? दादांनी ऱ्हस्व कोरून दिला. आता ते कागदावर मजकूर लिहून घेतात आणि खाली गिऱ्हाईकाची सही.

राहता राहिला दर. दर अक्षरी म्हटलं की अक्षर कशाला म्हणायचं, यावर रोज बाकावर चर्चासत्र भरतं. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांचे पैसे नाहीत. जोडाक्षर एकच धरतात. त्यामुळे ज्ञानेश्वर नावाच्या माणसाला इंग्रजीत अकरा अक्षरांचे पैसे पडतात आणि मराठीत चारांचे. हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवल्यापासून इंग्रजीत सांगायला आलेले बरेच जण तिथल्या तिथे मातृभाषेकडे वळतात. परवा एक काका डायरीत नाव-पत्ता मांडून आले होते, पेन्सिलीने अक्षरं मोजलेली, 'श्री' एक धरलेला. दादांनी मान डोलावली. काकांची पेन्सिल 'कुटुंब'वर येऊन थांबली.

"आणि अनुस्वार?"

"तो फुकट," दादा म्हणाले. "पन द्याचा का नाय ता आताच सांगा. मंग इचारू नका, गेला कुठं."